दुधाविना खीर, सोवळ्याविना स्वयंपाक



आपल्या वस्त्यांतील कॉलेजात जाणारी काही मुले-मुली अलीकडे घरी येऊन एक नवीनच गोष्ट सांगू लागली आहेत. मटण-मच्छी तर सोडलीच, पण अंडी, दूध, दही, तूप आणि मधसुद्धा आम्ही खाणार नाही, असे त्यांचे म्हणणे. महिला मंडळाची बैठक आटोपली की आयाबाया हा विषय हळूच काढतात. त्यांच्या बोलण्यात काळजी असते, तसा रागही असतो. एक आजी तर आम्हाला तडकून म्हणाल्या, "पावशेर दुधासाठी आम्ही चार घरची धुणी धुतली. आता नातीला दूध नको! हे कसलं नवं सोवळं घरात शिरलंय, ते तुमच्या पेपरात लिहा."

म्हणून लिहीत आहोत.

या आहाराला इंग्रजीत 'व्हेगन' म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या साथीदारांनी या नावाची संस्था काढली. ही मंडळी आधीपासून शाकाहारी होती. पण दुधासाठी आणि अंड्यांसाठीही जनावरांचे हाल होतात, मग नुसते मांस सोडून काय साधले, असा त्यांचा सवाल होता. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून त्यांनी हा नवा शब्द बनवला. पुढे त्यात कातडे, रेशीम, लोकर आणि प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने नाकारणेही आले.

आजींच्या रागाला मात्र कारण आहे. आपल्या समाजाने 'शाकाहार' हा शब्द दयेच्या तोंडून फारसा ऐकलेला नाही. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर घरमालकाने विचारलेला पहिला प्रश्न म्हणून तो आपण ऐकला. डब्याचे झाकण उघडताच शेजारच्याने सरकवलेल्या खुर्चीतून ऐकला. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले ठेवण्यावरून वाद पेटला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यालाच दंड झाला. देशातल्या नामांकित शिक्षणसंस्थेत हे होते, तर आपल्या चाळीतल्या जिन्यात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट करू. व्हेगन आहार आणि 'शुद्ध शाकाहारी' पाटी यांचे गोत्र एक नाही. शुद्ध म्हणवणाऱ्या ताटात तूप ओघळत असते, श्रीखंड असते, पनीर असते. व्हेगनच्या मापाने मोजले तर ती पंगत नापास होते आणि आपल्या आजीची ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी पहिल्या नंबराने पास होते! दूध परवडत नव्हते म्हणून असो की कसेही, आपल्या आया-आज्यांचा रोजचा स्वयंपाक दुधातुपाशिवायच चालत आला. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दूध आणि मधाला चालतो. म्हणून केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२२ साली व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह करावे लागले.

दुसरी गोष्ट धम्माची. काही उत्साही उपासक सांगतात की बुद्धाने मांसाहार बंद केला होता. तसे नाही. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे कायमचे वर्ज्य करावेत असा आग्रह धरला, तेव्हा भगवंतांनी तो नियम करण्यास नकार दिला. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही आणि तशी शंकाही नाही, अशा भिक्षेला विनयाने मोकळीक ठेवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच मुद्दा उलगडला आहे. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या हौसेपोटी मारणे यांत ते फरक करतात.

पण म्हणून पहिले शील कपाटात ठेवून द्यायचे असेही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळायची कशी, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या बुद्धीवर सोडला आहे. या मुलांनी तो प्रश्न गांभीर्याने घेतला असेल, तर त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही.

आपल्याकडे याचा जुना दाखला दगडावर आहे. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेबच दिला आहे. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, लेख लिहिला तेव्हा ती संख्या तीनवर आली होती, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरीणही नेहमी नाही. हे तीनही पुढे मारले जाणार नाहीत, असे राजा सांगतो. आम्हाला या लेखातला प्रांजळपणा फार आवडतो. एका रात्रीत पुण्यवान झालो असे तो म्हणत नाही. किती कमी झाले आणि किती उरले, ते उघड मांडतो. मुंबईजवळ नालासोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली बंद करून राजा धम्मयात्रेला निघाला, ही हकीकत त्या आठव्या लेखात आहे. विरार लोकलने रोज तिथून जाणाऱ्या आपल्या किती बांधवांना हे ठाऊक असेल?

तिसरी गोष्ट सक्तीची, आणि इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. १९२७ साली महाडच्या परिषदेत आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथेच स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे बजावले. लोकांनी ते सोडले. ते कुणाच्या चुलीला विटाळ होऊ नये म्हणून सोडले नाही, स्वतःच्या इभ्रतीसाठी सोडले. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध त्यांनी मांडला, तो वाचला की ताटातल्या घासाचा चाबूक कसा झाला ते कळते. स्वतः ठरवून सोडणे आणि दुसऱ्याने हिसकावणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. गरिबाचे स्वस्त अन्न गेले, कातडी कमावणाऱ्यांचा धंदा बसला, आणि म्हातारा बैल विकता न येणारा कोरडवाहू शेतकरीही अडचणीत आला. याला आम्ही करुणा म्हणणार नाही.

अंड्याचेही तेच. २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. झोपडपट्टीतल्या ज्या पोराला आठवड्यात ते एकच अंडे मिळणार होते, त्याच्या ताटातून ते उचलून कोणत्या कोंबडीचे कल्याण झाले? वीस वर्षांच्या मुलीने विचार करून अंडे सोडावे, आम्ही तिचे कौतुक करू. सहा वर्षांच्या मुलाचे अंडे सरकारने सोडवू नये.

आता त्या मुलीची बाजूही ऐकून घेऊ. मोठ्या पोल्ट्रीत अंड्यांच्या कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात कोंबलेल्या असतात. एकेकीच्या वाट्याला आपण ऑफिसात टाइप करतो त्या ए-फोर कागदाएवढीही जागा नसते. पंख पसरायचे नाव नाही. अंडे न देणारी नर पिल्ले जन्मताच मारली जातात. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या या कोंडवाड्याचा विचार केला आणि नियमांचे मसुदे सुचवले. दुधाच्या धंद्यात नर वासराला आणि रेडकाला आता किंमत उरलेली नाही, कारण नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. कित्येक गोठ्यांत ते आईच्या दुधावाचून मरते. गावाकडे गुरे राखलेल्या माणसाला हे कळते, तो फक्त बोलत नाही. रेशमाच्या साडीसाठी कोश उकळतात किंवा वाफेवर धरतात, ते आतला कीटक जिवंत असताना. तो बाहेर पडला तर धागा तुटेल म्हणून. एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. आपल्या मंगलकार्यात पांढऱ्या सुती साडीचा मान आहे, ही मोठी सोयीची गोष्ट म्हणायची. लग्नात कर्ज काढून पैठणीच हवी, हा हट्ट सोडला तर किडाही वाचेल आणि बापही.

एवढे सांगून आता चुलीकडे वळू, कारण करुणा कितीही खरी असली तरी पोट भरले पाहिजे.

जो कोणी घरात व्हेगन झाला असेल त्याने पहिल्या दिवसापासून स्वयंपाकाला हात लावावा. आईने दोन-दोन स्वयंपाक करायचे आणि चिरंजीवांनी पाटावर बसून प्राणिदया सांगायची, हे चालणार नाही. आणि वेगळा तवा, वेगळे पातेले, वेगळी पंगत मागू नये. पळी स्वच्छ घासली की झाले. वेगळी भांडी मांडली की त्या आजी म्हणतात ते सोवळे खरोखरच घरात शिरते. मोठ्यांनीही मुद्दाम रश्श्याचा चमचा भाजीत बुडवून गंमत पाहू नये.

रविवारच्या दुपारी घरात रश्श्याचा वास दरवळला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. त्यासाठी सोयावडी आहे. सोयाबीन आपल्याच विदर्भ-मराठवाड्यात पिकते आणि तेल गिरणीत जाते, आपल्या ताटात फारसे येत नाही. वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात, मग दोनदा थंड पाण्यातून काढून घट्ट पिळाव्यात. इथे आळस केला तर त्यांचा उग्र वास जात नाही. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजून, लसूण-आल्याबरोबर वाटून, तेलात तवंग सुटेपर्यंत परतावे. मग मटणाला घालता तोच काळा मसाला किंवा येसर. वड्या त्या मसाल्यात आधी कोरड्याच परतून घ्याव्यात, पाणी नंतर. पाण्यात सोडलेली वडी आतून फिकीच राहते.

अंबाडी तर आपली जुनी मैत्रीण. पाला निवडून वाफवावा, फार आंबट असेल तर पाणी थोडे काढावे. तूरडाळ, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि दाणे वेगळे शिजवून त्यात घोटावेत, मीठ, मिरची घालावी. ताटात वाढल्यावर वरून लसणाची आणि सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी. लसूण तांबूस व्हायला हवा, काळा नव्हे. भाकरी कुस्करून खावी. यात दूध नाही, तूप नाही आणि उणे काहीच नाही. हुलग्याचे शेंगोळे, विदर्भाचा पाटवडी-रस्सा, जुन्नरकडची मासवडी हे सगळे याच जातकुळीचे. मासवडीच्या नावातच मासा आहे, ताटात बेसन, तीळ आणि खोबरे!

दह्याची सवय सुटत नाही असे बऱ्याच जणी म्हणतात. शेंगदाण्याचे दही करून पाहावे. एक वाटी दाणे रात्रभर भिजवून, साले काढून, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटावेत आणि कापडातून गाळावेत. हे दूध मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे उकळावे. ते भसकन वर येते, तेव्हा पातेले मोठे घ्यावे. बोट बुडवता येईल इतके कोमट झाले की धुतलेल्या हिरव्या मिरच्यांची पाच-सहा देठे, टोपीसकट, त्यात सोडून दहा-बारा तास झाकून ठेवावे. देठांनी विरजण लागते. पहिल्या वेळी ते सैल होते आणि दाण्याचा वास राहतो. त्यातलेच चमचाभर विरजण पुढच्या वेळी वापरले की बरे लागते. नुसते खाण्यापेक्षा कढीला चांगले. गाळून उरलेला चोथा थालीपिठात घालावा. चहाचे मात्र आमच्याकडे उत्तर नाही. दाण्याच्या दुधाचा चहा आम्ही प्यायलो आहोत आणि पुन्हा पिणार नाही. त्यापेक्षा गवती चहा, आले आणि गूळ घालून कोरा चहा बरा.

आता खिरीचा प्रश्न, जो सर्वात नाजूक आहे. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटतात ती सुजातेच्या स्मरणार्थ, आणि सुजातेची खीर दुधाची होती. ती बदलून टाका असे आम्ही कुणाला सांगणार नाही. पण एका मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान पातेले नारळाच्या दुधाच्या खिरीचे ठेवायला काय हरकत आहे? एक वाटी तुकडा तांदूळ धुऊन घ्यावा. दोन नारळ खोवून वाटून पहिले घट्ट दूध वेगळे काढावे आणि त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरे-तिसरे पातळ दूध, मिळून पाच-सहा वाट्या काढावे. पातळ दुधात तांदूळ मऊ शिजवावा, मग दीड वाटी चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ. गाईम्हशीचे दूध गुळाने फाटते, नारळाचे फाटत नाही, हा इथला फायदा. गूळ विरघळला की गॅस अगदी बारीक करून घट्ट दूध ओतावे, कडेला बुडबुडे दिसताच उतरवावे. खळखळून उकळले तर ते फुटते आणि तेल वर येते. सुंठ-वेलची घालावी. विदर्भ-मराठवाड्यात नारळ महाग पडतो, तिथे वर सांगितलेले दाण्याचे दूध उकळून घ्यावे, त्यात सुंठ जरा जास्त टाकावी. आजारपणात ज्यांना दूध वर्ज्य आहे तेही या पातेल्याजवळ येतात.

हिशेब हा आमचा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा थोडा हिशेब. रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घरात वर्षाला ३६५ लिटर होते. आपल्या भागातल्या भावाने गुणून पाहा आणि त्या रकमेत किती दाणे, डाळी, नाचणी येईल ते मांडा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधात सुमारे १२०, आणि न सोललेल्या तिळात हजारावर. पुस्तकातला आकडा आणि अंगी लागणारा आकडा एक नसतो हे खरे, तरी दुधाविना हाडे मोडतील ही भीती बाळगू नये. भीती बाळगायची ती दुसऱ्या दोन गोष्टींची.

एक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते डाळीत नाही, भाजीत नाही, नाचणीत नाही. दूध, अंडी, मांस सगळेच सोडणाऱ्याला त्याची गोळी घ्यावीच लागते, किंवा ते मुद्दाम मिसळलेले पदार्थ खावे लागतात. शरीरात त्याचा साठा असतो म्हणून पहिली काही वर्षे काही जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा, रक्तक्षय सुरू होतो, आणि मज्जातंतूंना झालेली इजा उशीर झाल्यास पुरती भरून येत नाही. दवाखान्यात रक्ताची तपासणी होते. गोळी घेणे कमीपणाचे वाटत असेल त्याने दूध-अंडी सोडू नयेत. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या भगिनी आणि लहान मुले यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सोडू नये.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला रश्श्याचे पाणी येते. तिने आणखी काही सोडण्याआधी तिच्या ताटात काय पडते ते पाहा. हाळीव, बाजरी, तीळ, हरभरा, पालेभाज्या नेमाने खाव्यात, वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तो लोह अडवतो.

स्वयंपाकघरातून मोरीकडे येऊ. साबणाच्या वेष्टणावर 'टॅलो' हा शब्द असेल तर ती जनावराची चरबी समजावी. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास आपल्या देशात २०१४ साली बंदी झाली आणि तशी चाचणी केलेला माल परदेशातून आणण्यासही त्याच वर्षी. तेव्हा इथे बनलेल्या मालावर 'क्रूरतामुक्त' लिहून कोणी जादा पैसे मागत असेल तर जरा विचार करा. रिठे आहेतच. दहा-बारा रिठे रात्री भिजवून सकाळी उकळावेत, कुस्करून गाळावेत. केस, लोकरीचे कपडे, भांडी सगळ्यांना चालते. मात्र तीन-चार दिवसांत संपवावे आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये. भांड्याला नारळाचा काथ्या.

चामड्याबद्दल आमचे मत या मुलांना कदाचित पटणार नाही. चामड्याची चप्पल टाकून रेक्झीनची घेतली तर जनावर वाचते, पण रेक्झीन म्हणजे प्लॅस्टिकच, ते मातीत कुजत नाही. नवे चामडे घेऊ नका, ठीक. पण असलेली चप्पल कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडून तीनदा शिवून घ्या. त्याच्या घरीही चूल आहे.

आणि याच धाग्याने आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. प्राण्यांचे दुःख दिसते त्या डोळ्यांना आपल्या घरातून निघणारा कचरा कोण हाताळते, तेही दिसायला हवे. मोरीत ओतलेले ॲसिड गटारात जाते आणि त्या गटारात अजूनही माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने त्याला सुरक्षेच्या साधनांविना उतरवण्यास बंदी केली, तरी मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्यात बहुसंख्य कोणत्या समाजाचे असतात ते या पानाच्या वाचकाला सांगायला नको. फरशीला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी पुरते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव घाबरा होतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली गटारे मुंबईने २६ जुलै २००५ च्या पुरात पाहिली. राज्यात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली, पण बाजारात त्या अजून हातात पडतात. जुन्या साडीची पिशवी शिवायला पाव तास लागतो.

कचरा वेगळा करा हे नियम सांगतात, पण तो वेगळा नाही केला की काय होते ते पुण्याच्या कचरावेचक भगिनींना विचारावे. १९९३ साली त्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली, आपल्या कामाला काम म्हणवून घेतले. ओल्या सुक्याचा गोळा त्यांना हातांनी सोडवावा लागतो. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहावे. पाळीचे पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल फुली करावी. घरातल्या वयात आलेल्या मुलाला ही फुली कशाची ते माहीत असावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. दाढीचे ब्लेड आणि इंजेक्शनच्या सुया झाकणाच्या डब्यात.

भाजीची देठे आणि साले चाळीच्या गॅलरीतही जिरवता येतात. बुडाला आणि अंगाला भोके पाडलेला माठ घ्यावा, तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर एक थर ओला कचरा, एक थर सुका पाला किंवा फाडलेला कागद. दोन-तीन दिवसांनी काठीने हलवावे. वास आला तर सुका पाला कमी पडला असे समजावे. दीड-दोन महिन्यांत काळे खत होते. मासळीचे काटे आणि हाडे त्यात टाकली तर मांजरी आणि माश्या येतात, एवढी एक सवलत व्हेगन घराला आहे.

येत्या अंकांत आम्हाला गावोगावच्या बिनदुधाच्या कृती छापायच्या आहेत. खानदेशाकडची कळण्याची भाकरी, सोलापूरकडचे दाण्याचे प्रकार, कोकणातली सोलकढी असे काही असेल तर भगिनींनी पोस्टकार्डावर कळवावे. माप वाटीचे द्यावे आणि 'अंदाजाने मीठ' असे लिहिले तरी चालेल. त्या आजींना आम्ही हा अंक नेऊन देणार आहोत. नातीने केलेली खीर त्यांना कशी लागली, तेही विचारून छापू.